सालई गुग्गुळ, नॅनो आणि तूप: प्रकल्प नोंदी, जून ते नोव्हेंबर २०२४

१० जून

मस्जिद बंदरच्या काष्ठौषधीच्या पेढीवरून सालईचा डिंक आला. शेठनी तीन पोती उघडून दाखवली. महागातल्या पोत्यात फिकट सोनेरी, जवळजवळ आरपार दिसणारे खडे होते. स्वस्तातल्या पोत्यात निम्मी साल आणि माती. आम्ही मधलं घेतलं, कारण बाजारातल्या गोळ्या बहुधा त्याच प्रतीच्या डिंकातून बनत असणार.

सालई म्हणजे बोस्वेलिया सेराटा, संस्कृतात शल्लकी. सातपुड्याच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरचं झाड. खोडाला खाच पाडली की जो चीक येतो त्यात तीन गोष्टी असतात. पाण्यात विरघळणारा गोंद, हवेत उडून जाणारं तेल आणि राळ. आपल्याला हवी ती राळ, आणि राळेतही बोस्वेलिक आम्लं. सांधेदुखीवर काम करतात ती हीच, असं मानलं जातं. पण ती पाण्यात जेमतेम विरघळतात. अर्क नॅनो आकारात आणून त्यांचं शोषण वाढवता येतं का, हा आमचा प्रकल्प.

दुपारी खलबत्त्यात थोडा कुटला. अर्ध्या तासात अख्ख्या मजल्यावर धुपाचा वास. लॅबचे मामा दारातून डोकावून म्हणाले, "मॅडम, आज पूजा कोणाची?"

१४ जून

अर्क तयार झाला. डिंक अल्कोहोलमध्ये भिजवून गाळला, अल्कलीत घेतला, पुन्हा गाळला आणि आम्ल घालून साका पाडला. धुऊन वाळवल्यावर पांढुरकी भुकटी मिळाली. शेजारी तुलनेसाठी बाजारातला तयार अर्क ठेवला आहे, डब्यावर लिहिलंय "बोस्वेलिक आम्लं ६५ टक्के".

दोन्ही अर्क दोन पद्धतींनी मोजले. टायट्रेशनमध्ये, म्हणजे अल्कली थेंब थेंब घालून आम्ल मोजण्यात, तयार अर्क ६५ च्या आसपास बसला. एचपीएलसीवर, म्हणजे घटक वेगवेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, मात्र चार मुख्य आम्लांची बेरीज त्याच्या बरीच खाली राहिली. यात कोणाची लबाडी नाही. टायट्रेशनला आम्ल कुठलं हे कळत नाही, राळेतलं कुठलंही आम्ल ते मोजून टाकतं. एचपीएलसी नाव विचारून मोजते. केबीए (कीटो बोस्वेलिक आम्ल) आणि एकेबीए (त्याचं ॲसिटाइल रूप) ही दोन आम्लं २५० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात छान दिसतात. बीटा बोस्वेलिक आम्ल आणि त्याचं ॲसिटाइल रूप यांच्यासाठी २१० वर उतरावं लागतं, आणि तिथे सॉल्व्हंटमधली बारीकसारीक घाणही दिसते. त्या दोन पीकसाठी बेसलाइन सपाट करता करता ज्युनियरचा दिवस गेला.

सरांचं म्हणणं, सगळे एकेबीएच मोजतात, आपणही तेवढंच मोजू. मी चारही मोजायचा हट्ट धरला. केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०१५ च्या अधिसूचनेत फायटोफार्मास्युटिकल (वनस्पतीच्या शुद्ध केलेल्या अर्काच्या) औषधाची जी व्याख्या आहे, तिच्यात किमान चार घटक ओळखून मोजलेले हवेत. उद्या त्या वाटेने जायचं ठरलं तर एका घटकाचा अभ्यास कोणी विचारणार नाही. शिवाय एकेबीए अर्कात असतं ते जेमतेम काही टक्के. उरलेल्या अर्काचं आपल्या नॅनो प्रक्रियेत काय होतं हे न बघता नुसती एकेबीएची रेघ वर गेली म्हणून टाळ्या कशा वाजवणार?

२१ जून

पायाभूत आकडे. चार द्रवांत अर्क जास्तीचा टाकून ३७ अंशांवर दोन दिवस हलवत ठेवला होता.

जठरातल्यासारख्या १.२ पीएचला एचपीएलसीचा आलेख सपाट, काहीच नाही. ६.८ ला थोडं. आम्लं असल्यामुळे पीएच वाढला की थोडी तरी विरघळतात. खरी गंमत पित्तक्षार घातलेल्या दोन कृत्रिम आंत्ररसांत आहे. उपाशीपोटीच्या रसात टॉरोकोलेट हा पित्तक्षार ३ मिलिमोल आणि लेसिथिन (पित्तात असतं तसं स्निग्ध द्रव्य) ०.७५ मिलिमोल असतं. जेवणानंतरच्या रसात दोन्ही पाचपट, पण पीएच ५ वर आलेला. पीएच उतरला तरीही चारही आम्लं जेवणानंतरच्या रसात सगळ्यात जास्त उतरली. म्हणजे पीएचपेक्षा पित्त आणि लेसिथिन यांना ती जास्त मानतात. ही ओळ वहीत अधोरेखित करून ठेवली आहे.

३ जुलै

ओल्या दळणाचा प्रयोग. झिर्कोनियाचे बारीक मणी, पाणी, कण एकमेकांना चिकटू न देणारं पोलोक्सॅमर आणि अर्क. या पद्धतीने बाजारात आलेली औषधं आहेत. अवयव प्रत्यारोपणानंतर देतात ते सिरोलिमस २००० साली आणि उलटीवरचं ॲप्रेपिटंट २००३ साली, दोन्ही नॅनोस्फटिकांच्या रूपात. दहा मायक्रॉनचा कण दोनशे नॅनोमीटरवर आणला की तेवढ्याच वजनाचं पृष्ठफळ पन्नासपट होतं, आणि विरघळण्याचा वेग पृष्ठफळाच्या प्रमाणात वाढतो. नॉयस आणि व्हिटनी यांनी १८९७ साली मांडलेलं साधं गणित.

पण ती औषधं टणक स्फटिक होती, आपली राळ आहे. दळणाची उष्णता लागली की मऊ पडते. तासाभराने झाकण उघडलं तर आत गुळाच्या पाकात साबुदाणा. जॅकेटमधून बर्फाचं पाणी फिरवून पुन्हा चालवलं. जरा बरं, पण मणी एकमेकांना आणि भांड्याला चिकटलेच. मणी धुवायला जेवढं अल्कोहोल लागलं तेवढ्यात दुसरा प्रयोग झाला असता. दळण बंद.

८ जुलै

रात्रीपासून कोसळतोय. सकाळी मध्य रेल्वे ठप्प, ज्युनियर कुर्ल्यापर्यंत येऊन परत गेली. मी बसने पोचले. डीप फ्रीझर जनरेटरवर होता, नमुने ठीक.

१९ जुलै

आता उलटी वाट, मोठा कण फोडण्याऐवजी लहान कण घडवायचा. अर्क अल्कोहोलमध्ये विरघळवून सिरिंजने थेंब थेंब गार पाण्यात सोडला. पाण्यात थोडं पोलोक्सॅमर आणि एचपीएमसी (सेल्युलोजपासूनचा गोंद), खाली चुंबक फिरतोय. पहिल्या काही थेंबांत काही होत नाही, मग बीकरच्या कडेला निळसर झाक येते आणि सगळा द्रव दुधी होतो. टॉर्च मारला की उजेडाची पट्टी आरपार दिसते. ज्युनियरने व्हिडिओ काढला. काढण्यासारखंच असतं ते.

डीएलएसवर, म्हणजे उजेडावरून कणांचा आकार काढणाऱ्या यंत्रावर, सरासरी १८० नॅनोमीटर, पीडीआय (आकार किती एकसारखे त्याचा आकडा, कमी तितका चांगला) ०.२ च्या थोडं खाली. सर खूश. मी ज्युनियरला बसवून एक गोष्ट सांगितली. हे यंत्र कण मोजत नाही, कणांनी विखुरलेला उजेड मोजतं, आणि तो उजेड व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. २०० नॅनोमीटरचा एक कण २० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांएवढा उजेड देतो. चार मोठे गठ्ठे तरंगत असले तर बारक्यांचं अख्खं गाव दिसेनासं होतं. म्हणून एका सरासरीवर विश्वास ठेवायचा नाही, वितरणाचा आलेख आणि पीडीआय बघायचा, आणि पवईला आयआयटीच्या सैफ या उपकरण केंद्रात टीईएमला (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला) नमुना द्यायचाच.

२६ जुलै

याच दुधी द्रवाची विद्राव्यता काढली. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून एचपीएलसीला लावलं. साध्या अर्काच्या चाळीसपट! प्रबंधांत असेच आकडे छापले जातात आणि त्यांवर कोणी बोट ठेवत नाही.

०.४५ मायक्रॉन म्हणजे ४५० नॅनोमीटर. आमचा कण १८० चा. तो फिल्टरमधून रमतगमत जातो, पुढे एचपीएलसीच्या वाहक द्रवातल्या ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळतो आणि यंत्र त्याला "विरघळलेला" म्हणून मोजतं. हाच नमुना १० किलोडाल्टनच्या अल्ट्राफिल्टरमधून काढला, जिथून रेणू जातो पण कण जात नाही. वाढ दुपटीच्याही आत आली.

याचा अर्थ कण निरुपयोगी असा नाही. कण लहान झाल्याने मूळ विद्राव्यता फारशी वाढत नाही, शंभरेक नॅनोमीटरच्या खाली गेल्यावर काय ती थोडी वाढते. वाढतो तो वेग. आतड्यात विरघळलेला रेणू शोषला गेला की त्याची जागा लगेच भरून काढणारा साठा जवळ असणं हा फायदा खराच आहे. पण तो "चाळीसपट विद्राव्यता" म्हणून विकायचा नाही. यापुढे आमच्या तक्त्यात दोन रकाने, "फिल्टरपार" आणि "खरं विरघळलेलं". अहवालात दोन्ही जातील. सर जरा कुरकुरले, कारण दुसरा रकाना दिसायला केविलवाणा आहे, पण मान्य झाले.

७ ऑगस्ट

दुधी द्रव दहा-बारा दिवसांत फुगत चालला आहे. बारके कण विरघळतात आणि त्यांचा माल मोठ्यांवर जाऊन बसतो, सरासरी तीनशेच्या पुढे. म्हणून फ्रीझ ड्राय केला, ट्रेहॅलोज ही साखर घालून. यंत्रातून काढला तेव्हा फुलासारखा हलका केक होता. बाटली उघडून वजन करेपर्यंत ऑगस्टातल्या मुंबईने त्यातली हवा काढली. केक बसला आणि चिकट पापडी झाली. मॅनिटॉल घातलेल्या बाटल्या बऱ्या टिकल्या. ट्रेहॅलोजपेक्षा मॅनिटॉल ओल कमी धरतो.

यापुढे वजनं सकाळी एसी दोन तास चालल्यावर, डीह्युमिडिफायरच्या खोलीत.

२० ऑगस्ट

आयुर्वेद महाविद्यालयातल्या वैद्य मॅडम आल्या होत्या. प्रकल्पात त्या सल्लागार आहेत, पण आजवर फक्त ईमेलवर बोलणं झालं होतं. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, पण तुम्ही हे पाण्यात कशाला विरघळवताय? आमच्याकडे अनुपान लिहिल्याशिवाय चिठ्ठी पुरी होत नाही. दुखणाऱ्या सांध्यांना मी हे कोमट दूध-तुपाबरोबर देते."

सर हसले. मला जूनमधली अधोरेखित ओळ आठवली. २००४ साली जर्मन संशोधकांनी बारा निरोगी पुरुषांवर केलेला अभ्यास मी वाचला होता. सालईचा तोच अर्क एकदा उपाशीपोटी आणि एकदा भरपूर स्निग्ध जेवणाबरोबर दिला. जेवणाबरोबर घेतल्यावर रक्तातल्या बोस्वेलिक आम्लांची पातळी कितीतरी पटींनी वर गेली. स्निग्ध जेवणाने पित्त सुटतं, चरबी पचताना पित्त आणि लेसिथिनचे सूक्ष्म गोळे, म्हणजे मायसेल, तयार होतात आणि ही आम्लं त्यांत बसून आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचतात. म्हणजे शरीर स्वतःच नॅनो वाहक बनवतं, त्याला फक्त चरबी पुरवायची.

त्यामुळे आमचा तुलनेचा गटच बदलायला हवा. सगळे नॅनो अर्काची तुलना पाण्यातल्या साध्या अर्काशी करतात आणि जिंकतात. पाण्यातला अर्क हा दुबळा प्रतिस्पर्धी. स्पर्धा तुपाशी लावली पाहिजे. तूप कुठल्याही घरात असतं, स्वस्त आहे, आणि त्याला प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी कण फोडणारं यंत्र) लागत नाही.

सरांना हे तितकंसं रुचलं नाही. "तूप जिंकलं तर प्रकल्प संपला की!" म्हणाले. मी म्हटलं, सर, मग तो अहवाल जास्त लोक वाचतील.

३० ऑगस्ट

दिशा बदलून स्निग्ध वाटेवर. आधी स्वतःच नॅनोइमल्शन बनवणारं मिश्रण, म्हणजे तेल, सर्फॅक्टंट (तेल-पाणी मिसळवणारा साबणासारखा पदार्थ) आणि त्याला मदत करणारा सहसर्फॅक्टंट एकत्र करून त्यात अर्क. पोटात पाणी मिळालं की आपोआप बारीक थेंब. प्रत्यारोपणानंतर देतात त्या सायक्लोस्पोरिनची जुनी तेलकट गोळी कधी जास्त तर कधी कमी शोषली जायची. १९९५ साली ती याच तत्त्वावर नव्याने आली आणि शोषण बरंच एकसारखं झालं. आमच्याकडे मध्यम साखळीचं नारळजन्य तेल, सर्फॅक्टंट म्हणून ट्वीन ८० (एक पॉलिसॉर्बेट) आणि सहसर्फॅक्टंट म्हणून ट्रान्सक्युटॉल. तिन्हींच्या प्रमाणांचा त्रिकोणी आलेख भरत बसलो, प्रत्येक ठिपक्याला एक बाटली.

चांगल्या पट्ट्यातलं मिश्रण पाण्यात टाकलं की एका ढवळणीत निळसर पारदर्शक होतं. थेंब ५० नॅनोमीटरच्या आत. अर्क बसतो तो एका ग्रॅममध्ये १०० मि.ग्रॅ. त्याच्या वर टाकला तर दुसऱ्या दिवशी तळाशी साका.

५ सप्टेंबर

आज प्रयोग नाही, फक्त गणित. नागपूरला गुडघेदुखीच्या ३० रुग्णांवर झालेली आणि २००३ साली प्रसिद्ध झालेली चाचणी आहे. तिच्यात ३३३ मि.ग्रॅ. अर्क दिवसातून तीनदा दिला होता, म्हणजे रोज साधारण एक ग्रॅम. आमच्या मिश्रणात एक ग्रॅम अर्क बसवायला दहा ग्रॅम मिश्रण लागेल. त्यात ट्वीन ४० टक्के, म्हणजे रोज चार ग्रॅम ट्वीन. खाद्यपदार्थांतल्या पॉलिसॉर्बेटसाठी जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त समितीने घातलेली मर्यादा शरीराच्या दर किलोला दिवसाला २५ मि.ग्रॅ. आहे. ६० किलोच्या माणसाला १५०० मि.ग्रॅ. झाली.

या मर्यादेत बसायचं तर रोज पावणेचार ग्रॅम मिश्रण, त्यात ३७५ मि.ग्रॅ. अर्क. म्हणजे शोषण किमान पावणेतीनपट वाढलं तर कुठे आपण साध्या गोळीच्या बरोबरीला येतो. त्यापुढे जे मिळेल तो नफा. आणि गुडघेदुखीचा माणूस औषध आठवडाभर घेत नाही, वर्षानुवर्षं घेतो. पावणेचार ग्रॅमला मोठ्या कॅप्सूलही चार-पाच लागतील. माझी आई एवढ्या कॅप्सूल रोज गिळणार नाही, हे मी लिहून देते.

गणपतीची सुट्टी उद्यापासून.

१९ सप्टेंबर

विसर्जनानंतरचा आठवडा, अर्धी लॅब बसलेल्या आवाजात बोलतेय.

पचनाचा प्रयोग सुरू केला. पीएच-स्टॅट नावाचं यंत्र. ३७ अंशांच्या भांड्यात पित्तक्षार, लेसिथिन आणि आमचं मिश्रण, वरून पॅन्क्रिएटिन. एन्झाइम तेल तोडायला लागलं की फॅटी ॲसिड सुटतं आणि पीएच उतरू पाहतो. यंत्र लगेच सोडियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून तो जागेवर आणतं. किती थेंब पडले त्यावरून किती तेल पचलं ते कळतं. पहिल्या पाच मिनिटांत बुरेट धडाधड चालते, मग दमते. पॅन्क्रिएटिन डुकराच्या स्वादुपिंडाचं, त्याच्या वासापुढे धूप बरा.

मुदत संपल्यावर एन्झाइम थांबवून सेंट्रिफ्यूज केलं. वर न पचलेल्या तेलाची पातळ चकती, मधे गढूळ जलीय थर, तळाशी गोळा. चारही आम्लं कुठल्या थरात आहेत ते बघितलं. केबीए बहुतेक जलीय थरात सुखरूप. एकेबीए बऱ्यापैकी. पण बीटा बोस्वेलिक आम्ल आणि त्याचं ॲसिटाइल रूप जवळजवळ निम्मं तळाच्या गोळ्यात. कारण समजण्यासारखं आहे. ही दोन जास्त तेलप्रेमी. तेल पचून गेलं, ट्वीनही एस्टर असल्यामुळे एन्झाइमने तोही कुरतडला, मग यांना राहायला जागा उरली नाही. पन्नास नॅनोमीटरचा सुंदर थेंब पोटात गेल्यावर अर्ध्या तासात थेंब राहतच नाही. बीकरमधल्या आकाराचं कौतुक तिथवरच.

एकटं एकेबीए मोजलं असतं तर हे मिश्रण पास झालं असतं.

तळाचा गोळा ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली काळाच दिसला, चमक नाही. म्हणजे स्फटिक बनलेले नाहीत, साका अस्फटिक आहे आणि पुन्हा विरघळण्याची शक्यता बरी. तेवढाच दिलासा.

३० सप्टेंबर

लेसिथिन. जूनपासून ते प्रत्येक चांगल्या निकालात कुठे ना कुठे बसलेलं होतं. सोयाबीनचं फॉस्फॅटिडिलकोलीन (लेसिथिनचा मुख्य घटक) आणि अर्क समान वजनाने अल्कोहोलमध्ये विरघळवले, रोटरी इव्हॅपोरेटरवर अल्कोहोल काढलं. फ्लास्कच्या आत पिवळसर पातळ पापुद्रा धरतो. त्यात कोमट पाणी घालून फिरवलं की पापुद्रा सुटून दुधी होतो. मग उच्च दाबाच्या होमोजिनायझरमधून काही फेऱ्या. प्रोब सोनिकेटर मुद्दाम टाळला. त्याच्या टोकातून टायटेनियमची कणी झडते आणि पोटात घ्यायच्या वस्तूत ती काढत बसावी लागते.

कण १५० च्या आसपास. ट्वीन फक्त चिमूटभर, गठ्ठे होऊ नयेत म्हणून. एक ग्रॅम अर्काला एक ग्रॅम लेसिथिन, दहा ग्रॅम मिश्रण नाही. आणि लेसिथिन म्हणजे अन्नच. पचनाच्या प्रयोगात तळाचा गोळा बराच लहान झाला, चारही आम्लं जलीय थरात बऱ्यापैकी टिकली.

कटकट एकच. लेसिथिन हवेत खवट होतं. पेरॉक्साइड मूल्य (खवटपणाचं माप) दर आठवड्याला, थोडं ई जीवनसत्त्व, बाटलीत नायट्रोजन, फ्रीजमध्ये. मामांना सांगून ठेवलंय की नायट्रोजनचा सिलिंडर कोणाला उसना द्यायचा नाही.

१४ ऑक्टोबर

देवनारच्या कत्तलखान्यातून बकऱ्याचं आतडं. सकाळी लवकर बर्फाची पेटी आणि क्रेब्ज द्रावणाच्या (ऊतक जिवंत ठेवणाऱ्या क्षारांच्या पाण्याच्या) बाटल्या घेऊन गेलो. कापल्यापासून बर्फगार द्रावणात जाईपर्यंतचा वेळ महत्त्वाचा. उशीर झाला तर भिंत मेलेली, आणि मेलेल्या भिंतीतून काहीही पार होतं. तिथल्या माणसाने लांबच लांब आतडं हातावर गुंडाळून विचारलं, "मॅडम, चकली करणार की सूप?" औषधाच्या प्रयोगाला म्हटल्यावर त्याने स्वतःहून मधला, स्वच्छ भाग निवडून दिला.

लॅबमध्ये हाताच्या बोटाएवढे तुकडे केले. एक टोक काचेच्या कांडीला बांधायचं आणि पायमोजा उलटतात तसं हळूच उलटायचं. आता आतली शोषणारी बाजू बाहेर. दोन्ही टोकं दोऱ्याने बांधून पिशवी, आत स्वच्छ द्रावण, बाहेर औषध, वरून ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे. ज्युनियरचे पहिले काही तुकडे उलटताना फाटले, मग तिचा हात माझ्यापेक्षा चांगला बसला. भिंत जिवंत आहे का ते ग्लुकोजवरून बघितलं. ती ग्लुकोज आत ओढत होती.

तीन गट. पित्तरसातला साधा अर्क, पित्त आणि एन्झाइमने पचवलेल्या तुपाबरोबरचा अर्क, आणि लेसिथिनवाला.

पहिल्या फेरीत पिशवीच्या आत एकेबीए जवळपास नव्हतंच, तिन्ही गटांत. पण पिशवीची भिंत वाटून काढली तर त्यात भरपूर सापडलं. आतड्याच्या भिंतीची नक्कल म्हणून वापरतात त्या कॅको-२ पेशींवरच्या प्रकाशित कामातही असंच दिसलंय. एकेबीए पेशींच्या थरात अडकून बसतं आणि पलीकडे अल्ब्युमिन हे प्रथिन असलं की सुटतं. रक्तात अल्ब्युमिन असतंच. तेव्हा पिशवीच्या आत अल्ब्युमिन घालून उद्या दुसरी फेरी, उद्या पुन्हा देवनार.

२५ ऑक्टोबर

दुसऱ्या फेरीचे आकडे लागले. एकेबीएत लेसिथिन स्पष्टपणे पुढे, तूप मधे, साधा अर्क मागे. केबीएत तिघांत फारसा फरक नाही. ते मुळातच जरा जास्त विरघळतं. बीटा बोस्वेलिक आम्लात तूप आणि लेसिथिन इतके जवळ की एका पिशवीपासून दुसऱ्या पिशवीतली तफावत त्या अंतरापेक्षा मोठी. त्याला "लेसिथिन सरस" म्हणता येत नाही, आणि आलेखावर ही तफावत दाखवणाऱ्या दांड्या न छापता तो सरांना पाठवायचा नाही, असं ज्युनियरला सांगितलं.

तुपाचं एक बळ या प्रयोगात दिसूच शकत नाही. तेलप्रेमी पदार्थ चरबीबरोबर कायलोमायक्रॉन या चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत बसून लसिकेतून (लसिकावाहिन्यांतून) जातात आणि यकृताची पहिली फेरी चुकवतात. बाटलीत लटकवलेल्या पिशवीला ना लसिका, ना यकृत. आणि यकृताचा प्रश्न इथे खरा आहे. केबीएला यकृतातली एन्झाइमं भराभर बदलून टाकतात, एकेबीएला ती फारशी हात लावत नाहीत. एकाची अडचण भिंत, दुसऱ्याची यकृत. जिवंत प्राण्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

दिवाळीआधी हेच शेवटचं.

११ नोव्हेंबर

उंदरांवरच्या अभ्यासाचा आराखडा प्राणी नीतिसमितीसाठी लिहून झाला. गटांवरून दोन तास बैठक. सरांना तुपाचा गट काढायचा होता. एक गट कमी म्हणजे उंदीर कमी, आणि समितीलाही तेच आवडतं. वैद्य मॅडम फोनवर होत्या, ठाम म्हणाल्या की तूप काढणार असाल तर माझंही नाव काढा. शेवटी काढला तो नॅनोइमल्शनचा गट. ट्वीनच्या गणितामुळे ते माणसापर्यंत पोचणारच नाही, मग त्यासाठी उंदीर कशाला मारायचे?

राहिले तीन. पाण्यातला अर्क, कोमट तुपातला अर्क, लेसिथिनवाला अर्क. तिन्हींत अर्काची मात्रा एकच, चारही आम्लं रक्तात मोजायची. अर्जात "अपेक्षित निष्कर्ष" म्हणून रकाना आहे. तिथे सरांनी लिहिलेलं "नॅनो रूपाचं श्रेष्ठत्व सिद्ध होईल" खोडून "तुपाच्या तुलनेत लेसिथिन रूपाचं शोषण तपासणे" असं केलं. सरांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि सही केली.

समितीचे दोन सदस्य २० तारखेच्या मतदानाच्या ड्युटीवर आहेत, त्यामुळे बैठक त्यानंतरच. तोवर लेसिथिनचं पेरॉक्साइड मूल्य, आणि तुपासाठी एकाच बॅचचे डबे आणून ठेवायचे.